खिडकीतून टाकलेला रुमाल

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की आमच्या ग्रंथालयात मला आंबलेल्या द्राक्षांचा वास येतो. इतर कुणाला येत नाही. आमच्या शिपाई सुमनमावशी दरवर्षी माझ्या समाधानासाठी नाक वर करून हुंगतात आणि म्हणतात, "मॅडम, आत्ताच फिनेल मारलंय मी. तुमच्या नाकालाच काहीतरी झालंय." तरी मी कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटामागे वाकून बघते. तिथे काही नसतं. एक जुना बॅनर गुंडाळून उभा केलेला असतो, तेवढाच. मी हात झटकते, जागेवर येऊन बसते, संगणक उघडते. मग मात्र खरोखरच किळस येते, आणि तिचा द्राक्षांशी काही संबंध नसतो.

संगणकात लेख आलेले असतात.

'कशावरून' हे आमच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलांनी स्वतः चालवायला घेतलेलं नियतकालिक. वर्षातून एक अंक. जानेवारीअखेर लेख मागवायचे, फेब्रुवारीत वाचायचे, पाडव्याच्या आत छापायचे. मी तत्त्वज्ञान शिकवत नाही. मी ग्रंथपाल आहे. तत्त्वज्ञानाला कायम शिक्षक नाही. तासिकेवर येणारे एक सर असतात आणि ते दर जूनला बदलतात. 'समन्वयक' या रकान्यात लिहायला कायमचं नाव हवं होतं, म्हणून माझं लिहिलं. शिवाय माझ्या याद्या चुकत नाहीत अशी माझी ख्याती. घरची किराण्याची यादी मी दुकानातल्या फळ्यांच्या क्रमाने लिहिते, म्हणजे मागे फिरावं लागत नाही. विचार करणाऱ्या मुलांमध्ये मला बसवलं ते विचार करायला नव्हे, क्रम लावायला.

यंदा त्रेसष्ट लेख आले. पहिल्या वर्षी अकरा आले होते. या वाढीबद्दल प्राचार्यांनी सभेत टाळ्या घेतल्या. मी त्रेसष्टही लेख उघडले आणि सवयीप्रमाणे प्रत्येकाची पहिली ओळ एका कागदावर उतरवून घेतली. 'आजच्या धावपळीच्या युगात' चौदा जणांचं सुरू होत होतं. 'मानवी अस्तित्वाच्या गाभ्याशी' नऊ जण पोहोचले होते. पुढे पुढे मी मोजायचं सोडलं, आणि मी मोजायचं सोडते तेव्हा काहीतरी फार बिघडलेलं असतं. वाक्यं इतकी गुळगुळीत की नजर ठरेना. कुठे अडखळणं नाही, चिडणं नाही, कुणाचं काही म्हणणंच नाही. एका लेखाच्या शेवटी लेख लिहून देणाऱ्या यंत्राने आदबीने विचारलेलंही तसंच राहून गेलं होतं: हा मजकूर आणखी सोपा करून हवा आहे का? त्या लेखावर दोन नावं होती, पहिलं एका प्राध्यापकांचं. दोघांपैकी एकानेही तो शेवटपर्यंत वाचलेला नव्हता.

मला झुरळांची किळस येत नाही. चपलेने मारते आणि पुढच्या कामाला लागते. ही किळस वेगळी आहे. आपल्याला सन्मानाने पाटावर बसवावं आणि समोरच्या पानात आधी कुणीतरी जेवून गेल्याचं दिसावं, तशी. ही पहिल्यांदा आली तो फेब्रुवारी सात वर्षांपूर्वीचा.

त्या फेब्रुवारीची सुरुवात मात्र चांगली होती, हेही लिहून ठेवायला हवं. खिडकीजवळचं लांब टेबल मुलांनी बळकावलं होतं. निफाड-दिंडोरीकडची मुलं घरून येताना वर्तमानपत्रात गुंडाळून द्राक्षं आणायची. पुस्तकांजवळ खाऊ नका म्हणून मी ओरडायची आणि जाता-येता दोन मणी तोंडात टाकायची. टेबलाला कायम एक चिकटपणा असायचा, आणि तितकाच चिकट वाद चाललेला असायचा. 'कशावरून' हे नाव त्यांच्या बोलण्यातूनच पडलेलं. कँटीनवाला म्हणायचा चहा ताजा आहे, ही मुलं म्हणायची, कशावरून? एकदा सुमनमावशी बंद करायची वेळ झाली म्हणून सांगायला आल्या.

"कशावरून, मावशी?" कुणीतरी विचारलं.

"घड्याळावरून," मावशी म्हणाल्या. "अन् नाय पटलं तर या झाडूवरून."

संपादक होता सुयोग. सातपूरचा. वडील तिथल्याच एका कारखान्यात पाळीवर. याच्या अंगात वडिलांच्या कारखान्याची शिस्त होती की वडिलांच्या युनियनचा आवाज, ते मला कधी ठरवता आलं नाही. नियम सगळे त्याने आणि त्याच्या टोळक्याने बनवलेले. लेखावर लेखकाचं नाव असेल तिथे खाकी कागदाची पट्टी चिकटवायची आणि वर नुसता क्रमांक टाकायचा. कुठला क्रमांक कुणाचा हे फक्त माझ्या रजिस्टरमध्ये. प्रत्येक लेख दोन वाचकांकडे. वाचकही विद्यार्थीच, बहुतेक तर लेखकच. वाचकाने अर्धं पान लिहायचं: लेखाचं म्हणणं काय, ते कुठे लंगडं पडतं, छापावा की नाही. दोघांचं पटलं नाही तर लेख तिसऱ्याकडे. वाचकाचं नाव कधीही उघड करायचं नाही.

"एवढी लपवालपवी कशाला रे?" मी विचारलं होतं.

"मॅडम, नाव दिसलं की माणूस दिसतो. माणूस दिसला की लेख दिसत नाही."

मला हे पटायला दोन दिवस लागले. पटलं तेव्हा मी नवं रजिस्टर काढलं, लाल कापडी बांधणीचं.

आणखी एक रिवाज त्यांनी पाडला होता, तो मला सगळ्यात आवडायचा. अंकाच्या शेवटच्या पानाला ते 'आमचं चुकलं' म्हणायचे. मागच्या अंकात जे चुकीचं छापलं गेलं ते पुढच्या अंकात कबूल करायचं, आणि सगळ्यात मोठी चूक सगळ्यात वर. पहिल्याच अंकाच्या शेवटच्या पानावर कबुली होती: हा पहिला अंक असल्याने आमचं अजून काही चुकलेलं नाही, याबद्दल दिलगीर आहोत.

त्या वर्षी सोळा लेख आले. क्रमांक नऊचा लेख मी वाचला. नियमाने मी वाचायचा नव्हता, पण पट्टी चिकटवताना पहिली ओळ दिसली आणि मी उभ्यानेच पुढे वाचत गेले. विषय होता एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं. बस फलाटाला लागायच्या आत लोक धावतात, खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, वेळ आली तर चप्पलही आत टाकतात, आणि मग दारातून सावकाश चढून त्या जागेवर हक्काने बसतात. हा हक्क आला कुठून? रुमालात असं काय आहे? लेखाचं उत्तर असं होतं की रुमालात काही नाही, बाकीच्यांच्या मान्यतेत आहे. ज्याची जागा आज गेली तो भांडत नाही, कारण उद्या तोही हेच करणार असतो. एकमेकांची ही मूक कबुली म्हणजेच हक्क.

मी वाचून खुर्चीवर बसले. आयुष्यभर मी रुमाल टाकले होते, आणि ते मान्य करणाऱ्यांचे उपकार मला कधी दिसले नव्हते.

लेख कावेरीचा होता. नांदगावकडची मुलगी, वसतिगृहात राहायची, शनिवारी दुपारी एसटीने घरी. उंचीने लहानखुरी, आवाजही तसाच. टेबलाच्या कडेला बसायची आणि सगळे बोलून दमले की एक वाक्य बोलायची. मग सगळे पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागायचे. तिला एम.ए.ला तत्त्वज्ञानच घ्यायचं होतं. घरी ते कुणालाच कळत नव्हतं. "वडील म्हणतात, हे शिकून काय होतं?" ती एकदा मला म्हणाली. "मी म्हटलं, छापून येईल तेव्हा दाखवते." तिचं सगळं गणित त्या छापील पानावर उभं होतं.

नऊ क्रमांकाचे अभिप्राय आले. पहिला वाचक म्हणाला, अंकातला सर्वांत चांगला लेख, अवश्य छापा. दुसऱ्याने लिहिलं होतं: 'हा लेख फक्त खिडकीपर्यंत हात पोहोचणाऱ्यांचा आहे. बुटका माणूस, म्हातारी, कडेवर मूल असलेली बाई आज रुमाल टाकत नाहीत आणि उद्याही टाकणार नाहीत. त्यांचं गप्प बसणं ही कबुली नव्हे. लेखकाने ही माणसं बसमध्ये रोज पाहिली असणार. पाहून लिहिली नाहीत, ही चूक नुसत्या विचाराची नाही. छापू नये.'

लेख तिसऱ्या वाचकाकडे, म्हणजे सुयोगकडे गेला. तो म्हणाला, छापा. दोनास एक, स्वीकृत. पत्रं तयार करायला मी रजिस्टर उघडलं आणि माझं बोट रकान्यावर थांबलं. लेख नऊ, लेखक कावेरी. लेख नऊ, दुसरा वाचक: कावेरी.

झालं असं होतं की ऐन वेळी दोन वाचक गळाले, तेव्हा रिकामी घरं भरायला मी खालची नावं वर सरकवली. घाईत तिचं नाव तिच्याच लेखासमोर जाऊन बसलं. माझी यादी चुकली होती. मी तिला आतल्या खोलीत बोलावलं.

"तुझाच लेख तुझ्याकडे आला, तुला कळलं नाही का ग?"

"कळलं ना मॅडम."

"मग परत का नाही केलास? नियम आहे ना, लेखक ओळखीचा वाटला तर परत करायचा."

"लय वेळ घेऊन बसले होते," ती म्हणाली. "पहिल्यांदा वाटलं, परत करावा. मग म्हटलं एकदा वाचून तर बघू. पट्टी लावलेली होती ना, वाचला तर दुसऱ्या कुणाचा वाटला. आणि बरोबर नाही वाटला."

"अग, पण तुला छापून हवा होता ना? दोन शब्द बरे लिहिले असतेस तर कुणाला कळणार होतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी काही परक्या भाषेत बोलल्यासारखी. "मॅडम," ती शेवटी म्हणाली, "वाचक म्हणून मला खरं लिहायचं होतं. लेखक म्हणून काय हवं होतं ते वाचकाला माहीत नव्हतं."

ही चूक फक्त याच पोरांच्या हातून होऊ शकते. बाकीचं जग आपल्या लेखाला आपणच शाबासकी देतं, आणि त्यासाठी पट्टी चिकटवायचीही गरज नसते.

ते बाकीचं जग त्याच आठवड्यात आमच्या दारात आलं. मूल्यांकनाची समिती येणार होती. झाडांच्या बुंध्यांना गेरू लागला. भाड्याच्या कुंड्या आल्या, त्यांच्याबरोबर त्यांचा माळीही आला. कुलूपबंद प्रसाधनगृहाला 'दिव्यांगांसाठी' अशी चकचकीत पाटी लागली, कुलूप तसंच ठेवून. ताज्या रंगाचा, फिनेलचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास जिन्यात दाटला होता. मला हुकूम आला: समिती ग्रंथालयात येईल तेव्हा चाळीस विद्यार्थी वाचत बसलेले हवेत, पहिल्या रांगेत इस्त्रीचे कपडे. मी चाळीस नावांची यादी केली. कुणी कुठलं पुस्तक उघडून बसायचं तेही लिहिलं. मला वाईट वाटलं नाही, हे नोंदवून ठेवते. मला काम चोख झाल्याचं समाधान वाटलं.

मग उपप्राचार्यांनी बोलावलं. सोळा लेखांची यादी त्यांच्या पुढ्यात होती.

"अहो मॅडम, फार छान उपक्रम. पण हे नुसती मुलांची नावं बघून समिती म्हणेल, शिक्षक काय करत होते?"

"सर, तो मुलांचाच अंक आहे."

"मुलांची नावं आहेतच की. कुठे काढतोय आपण? फक्त मार्गदर्शक म्हणून वर एकेक नाव घालायचं. मी वाटणी करून ठेवली आहे. तुमचं टायपिंग नीटनेटकं असतं, तेवढं आज करून टाका."

वाटणी बघितली. नऊ क्रमांकावर त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं. म्हणजे सोळा लेख त्यांनी वाचले होते, किंवा कुठला चांगला आहे हे कुणाला तरी विचारलं होतं. 'मार्गदर्शक' हा शब्द यादीत कुठेच नव्हता. फक्त दोन नावं, स्वल्पविराम देऊन.

सुयोगला कळलं तेव्हा तो धावत आला. टेबलावरची पोरं त्याच्यामागे.

"मॅडम, सरांनी खिडकीतून रुमाल टाकला!"

सगळी हसली. मीही हसले. हसणं ओसरलं तसा तो म्हणाला, "तुम्ही नाही म्हणा ना. तुमचं ऐकतात ते."

"बघते," मी म्हटलं. बघते म्हणजे नाही, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. सुयोगलाही लागलं नाही. त्याने संपादकपदाचा राजीनामा लिहून माझ्या टेबलावर ठेवला, पेपरवेटखाली, नीट घडी घालून.

मी अर्ध्या तासात नवी यादी केली. आडनावांच्या क्रमाने, समास सोडून, दोन प्रतींत.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, कावेरी आली. घरी जायची पिशवी खांद्याला होती. तिने एक चिठ्ठी दिली: 'लेख क्रमांक नऊ मी मागे घेत आहे. तो मला पटत नाही.' खाली सही. वर बसलेल्या नावाबद्दल एक अक्षर नव्हतं.

"आता कसं मागे घेणार? यादी झाली आहे."

"पण छापायला नाही ना गेला अजून?"

छापायला आठ दिवस होते. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. पण समितीच्या फायलीत सोळा लेख लागले होते आणि सोमवारी समिती येणार होती. पंधरा केले असते तर पहिलं पान पुन्हा टाईप करायचं, अनुक्रमणिका बदलायची, एका माणसाला जाऊन कारण सांगायचं.

"यादी झाली आहे, कावेरी," मी पुन्हा म्हटलं.

तिने मान डोलावली आणि ती बस पकडायला गेली. चिठ्ठी मी टाचणीने रजिस्टरला लावली, कारण मी कुठलाच कागद फेकत नाही.

समिती आली, शाली-श्रीफळं झाली, प्रत्येक पाहुण्याला द्राक्षांची पेटी दिली गेली. पंधरा दिवसांनी, अंक छापून आल्यावर, आमच्याच सभागृहात चर्चासत्र झालं. उपप्राचार्यांनी तिथे तो लेख 'माझं हे संशोधन' म्हणून वाचला. प्रश्नोत्तरांत बाहेरगावच्या एक बाई उठल्या. अगदी सरळ विचारलं: ज्यांचा हात खिडकीपर्यंत पोहोचतच नाही, त्यांचं काय?

सर हसले. "तो भाग आमच्या विद्यार्थिनीने लिहिला आहे. वय लहान, अनुभव कमी. चालायचंच."

सभागृहही हसलं. कावेरी तिसऱ्या रांगेत होती. तोच प्रश्न तिने महिन्याभरापूर्वी, त्याच लेखाला, अर्ध्या पानात विचारला होता, आणि तो कागद माझ्या कपाटात होता. मी उठून एवढं सांगू शकले असते. मी पाहुण्यांच्या चहाचे कप मोजत होते.

त्याच दिवसांत तो वास सुरू झाला. गोड, आंबट, घशाला चिकटणारा. चिलटं पुस्तकांवरून उडायला लागली. सुमनमावशींनी आणि मी कपाट सरकवलं तर मागे, स्वागताच्या बॅनरखाली, समितीसाठी आणलेली एक जास्तीची पेटी राहून गेलेली. मणी फुटून त्यांचं काळपट पाणी झालं होतं. पुठ्ठा मऊ होऊन हातात आला. मावशींनी पदर नाकाला लावला. "कुणी ठेवली असंल मॅडम?" पेट्या वाटायची यादी माझीच होती.

कावेरीने बी.ए. पुरं केलं. एम.ए.ला गेली नाही. त्या एका पानामुळे गेली नाही असं मी म्हणणार नाही, घरचीही कारणं असतील. पण अंकाची तिची प्रत ग्रंथालयातून कधीच नेली गेली नाही, आणि पुस्तकं परत करायला आली तेव्हा ती म्हणाली, "वडिलांना दाखवणार होते ना, तो नाही दाखवला. त्यांनी विचारलं असतं, हे पहिलं नाव कुणाचं?"

उपप्राचार्य आता प्राचार्य आहेत. प्रत्येक लेखावर शिक्षकाचं नाव हा आता रिवाज आहे. 'आमचं चुकलं' हे पान तेव्हाच बंद पडलं, तिथे सत्काराचे फोटो येतात. खाकी पट्ट्या आणायच्या सामानाच्या यादीतून मीच कधीतरी काढून टाकल्या.

यंदाची संपादक श्रुती. गंगापूर रोडची, बोलायला फटकळ. त्रेसष्ट लेखांचा गठ्ठा बघून तिने नाकाला रुमाल लावल्याचा अभिनय केला, आणि मला ती तिथेच आवडली. जुने अंक चाळताना तिला पहिल्या अंकाचं शेवटचं पान सापडलं.

"मॅडम, हे कसलं भारी आहे! हे बंद का केलं?"

"जागा नव्हती," मी म्हटलं.

"कशावरून?" ती म्हणाली. नियतकालिकाचं नाव म्हणून नव्हे, खरोखर विचारलं.

मी लाल रजिस्टर काढून तिच्यापुढे ठेवलं. टाचणी गंजली होती, चिठ्ठीवर तिचा तांबडा डाग उतरला होता. तिने चिठ्ठी वाचली, मग मागे लावलेला अभिप्राय वाचला, मग छापील अंकातलं नऊ क्रमांकाचं पान काढून दोन्ही शेजारी ठेवली.

"तुम्ही तेव्हा काय केलंत, मॅडम?"

"यादी."

सुयोगकडून नंबर मिळवला आणि मी कावेरीला फोन केला. ती सातपूरलाच एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मागे यंत्रांचा आवाज होता.

"दिवसभर पीस बघते मॅडम. बरोबर असेल तो इकडे, नसेल तो तिकडे. कुणी बनवला ते पीसवर लिहिलेलं नसतं." ती हसली. "तुमच्या पट्टीसारखंच."

मी तिला सांगितलं की मला तिचा अभिप्राय छापायचा आहे, आणि चिठ्ठीबद्दलही. तिची माफी मागायची म्हणून जे वाक्य मी कागदावर लिहून घेतलं होतं ते वाचायला लागले, तर तिने मध्येच थांबवलं.

"छापा की. पण त्या अभिप्रायातही चूक आहे."

"कसली चूक?"

"मी लिहिलं होतं, ज्यांचा हात पोहोचत नाही ते कधीच रुमाल टाकत नाहीत. तसं नसतं ना. स्टँडवर म्हातारी काय म्हणते? 'ए दादा, माझीबी पिशवी टाक रे आत.' आणि तो टाकतो. माझ्या आईसाठी मी सुयोगकडून कितीदा टाकून घेतलाय रुमाल. मग लेखातली कबुली म्हणजे नुसतं आज तू, उद्या मी, एवढंच नाही. तिसऱ्यासाठी कोण हात लांब करतं, तेही बघायला पाहिजे. सात वर्षं डोक्यात आहे मॅडम, कुणाला सांगणार?"

"लिहून दे."

"मला सुट्टी रविवारी."

सोमवारी तिचा कागद आला. कारखान्यातल्या तपासणीच्या फॉर्मच्या पाठीवर, पेनाने, दोन ठिकाणी गच्च खोडलेलं. वरच्या नावावर मी खाकी पट्टी चिकटवली आणि क्रमांक टाकला चौसष्ट. वाचकांची यादी तीनदा तपासली. श्रुतीच्या मुलांनी चौसष्टांतले पाच लेख ठेवले. चौसष्टावर एका वाचकाने लिहिलं होतं, 'छापा'. दुसऱ्याने लिहिलं होतं, 'पटलं नाही, पण हे कुणीतरी लिहिलंय. छापा.'

पाचही लेखांवर एकेकच नाव आहे. शेवटच्या पानावर पुन्हा 'आमचं चुकलं' आहे, आणि सगळ्यात मोठी चूक सगळ्यात वर: दुसऱ्या अंकातला लेख क्रमांक नऊ लेखिकेने छपाईच्या आठ दिवस आधी लेखी मागे घेतला होता. समन्वयकांनी तरीही तो छापू दिला. त्यावरचं पहिलं नाव लेखकाचं नव्हतं. लेखाला पहिला आक्षेप लेखिकेनेच घेतला होता, तो खाली देत आहोत.

आज सकाळी मी अंकाची कच्ची प्रत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. छापखान्यात जायच्या आधी त्यांची सही लागते. ते पानं उलटत गेले, अंक फारच बारीक झाला म्हणाले, शिक्षकांची नावं राहिली वाटतं म्हणाले. मग शेवटच्या पानाशी आले. खोलीत पंखा फिरत होता. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, गोड हसले, सभागृहात हसले होते तसेच. मला पुन्हा तो वास आला.

"मॅडम, जुनी मढी कशाला उकरायची? हे एक पान काढून टाका. अजून छापायला नाही ना गेलं?"

"नाही सर," मी म्हटलं. "पण यादी झाली आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पेन त्यांच्या हातात होतं, सहीची जागा रिकामी होती. मी उभी राहिले. मला घाई नव्हती. आजच्या दिवसाच्या यादीत याच्यानंतर मी दुसरं काहीच लिहिलेलं नव्हतं.